टीबीच्या पेशंटची शुगर कोण बघणार?

कडक_भाकरी: सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या शेजारच्या काकू विड्या करतात, त्यांना टीबी निघाला, गोळ्या वेळच्या वेळी घेत होत्या तरी वजन वाढेना, अशक्तपणा जाईना, शेवटी कुणीतरी शुगर बघितली तर ती प्रचंड वाढलेली. आधीच का नाही बघितली? शुगर असलेल्याला टीबी व्हायचा धोका दोन-तीन पट असतो, आणि टीबीच्या उपचारात दगावायचं प्रमाणपण अशा पेशंटमध्ये जास्त. माझं मत, अ‍ॅडमिट झाल्या झाल्या शुगर, एचआयव्ही, लिव्हर, किडनी सगळं बघा आणि एकाच डॉक्टरनं सगळं मिळून ठरवावं.

चादरवाला७०: नाही पटत. टीबी पसरतो, शुगर पसरत नाही. आधी गोळ्या चालू करा, सहा महिने पुऱ्या होऊ द्या, तेवढं झालं तरी लय आहे. चार ठिकाणी चार तपासण्यांना पाठवलं की पेशंट मधेच गायब होतो, मी यंत्रमागावरची माणसं बघितलेत, खाडा परवडत नाही त्यांना.

कडक_भाकरी: अहो पण शुगर आणि एचआयव्हीची तपासणी टीबीच्या सरकारी कार्यक्रमातच आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

चादरवाला७०: तपासणी फुकट, दिवस फुकट नाही ना. विडीची मजुरी हजार विड्यांमागं मिळते, एक दिवस दवाखान्यात गेला की तेवढ्या विड्या गेल्या.

गोळी_देणारी: मी मेडिकलवर असते म्हणून सांगते, "टीबी आधी, बाकी नंतर" असं होतच नाही. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळं शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, ग्लिमेपिराइड त्यातलीच, म्हणजे पेशंट गोळी घेतोय आणि शुगर चढतीच आहे, अशावेळी डॉक्टर डोस वाढवतात नाहीतर इन्सुलिन देतात, पण त्यांना टीबीचं माहीत असलं तर ना! टीबीच्या तीन मुख्य औषधांचा लिव्हरवर त्रास होऊ शकतो, त्यात माणूस रोज दारू पिणारा असला तर डोळे पिवळे झाल्यावर धावत येतात. आयसोनियाझिड या टीबीच्याच औषधानं हातापायाला मुंग्या येतात, शुगरनंपण येतात, बी६ व्हिटॅमिनची गोळी बरोबर द्यायला पाहिजे ती कितीतरी जणांच्या पिशवीत नसते.

चादरवाला७०: हे औषधाचं ठीक, मान्य. पण मग खाण्याचं काय ते सांगा. टीबीवाला डॉक्टर म्हणतो भरपूर खा, शुगरवाला म्हणतो भात बंद करा, घरातल्या बाईनं शिजवायचं काय?

कडक_भाकरी: म्हणूनच तर म्हणतोय एकानं सांगा! ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे यानं दोन्ही भागतं, फक्त साखर, गूळ, गोड सोडायचं. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकारकडून निक्षय पोषणचे महिन्याला ५०० रुपये मिळायचे ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, ते अंड्या-डाळीला लागले पाहिजेत. आणि हे सगळं तेलुगूत सांगणारं कुणीतरी वॉर्डात पाहिजे, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका मराठीत नुसती मान हलवतात.

चादरवाला७०: तेलुगूचं एकदम बरोबर. तरी माझं म्हणणं तेच, तपासण्या करायच्या तर गोळ्या घ्यायला येतो त्याच दिवशी, त्याच खिडकीवर करा, वेगळ्या वारी बोलावलं तर निम्मे येणार नाहीत.