मदत हवी आहे: मुलांना चांगला सिनेमा बघायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांना सिनेमा दाखवून त्यावर गप्पा मारायच्या आहेत. मी नागराज मंजुळेंचा 'फँड्री' निवडलाय. त्यात शाळकरी नायक जब्या आणि त्याच्या घरचे डुक्कर वाहून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं दिसतात, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याच अंगावर येतो. २०१४ साली थिएटरात मी दचकून मागे सरकले होते.

पण मुलं गोष्ट सांगून मोकळी होतात. चौकटीत काय ठेवलंय, कुठे शांतता आहे, हे त्यांना कसं दिसावं? तो भिंतीचा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवू का? कुणी असं केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.