तुमच्या डेटावर कोणता सॉर्ट जिंकला?

सॉर्ट म्हणजे डेटा क्रमाने लावायची पद्धत. बबल, इन्सर्शन, मर्ज, क्विक, हीप सगळे कॉलेजात शिकलो आणि एन लॉग एन (एन घटक लावायला तुलना साधारण किती, त्याचं सूत्र) पाठ केलं. पण खऱ्या कामात घड्याळ लावून पाहिलंय? डेटा कसा होता आणि कोणी बाजी मारली, सविस्तर लिहा. सुरुवात मीच करते. चढत्या क्रमातले १ लाख आकडे आणि पहिलाच घटक पिव्हट (ज्याच्याशी तुलना करून बाकीचे लहान-मोठे वेगळे करतात तो) धरणारा क्विकसॉर्ट : सुमारे ५०० कोटी तुलना! मर्जचं १६ लाखांच्या आत भागतं. पिव्हट रँडम निवडला की तोच क्विकसॉर्ट वीसेक लाखांवर येतो.

*

आम्ही बऱ्याच सर्व्हरचे लॉग (नोंदींच्या फाइली) एकत्र करून वेळेनुसार लावतो. प्रत्येक फाइल आतून क्रमातच असते. एकापुढे एक जोडून पायथनच्या सॉर्टला दिल्या की काम फत्ते. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेला टिमसॉर्ट आधीच क्रमात असलेले तुकडे ओळखतो आणि तेवढे मर्ज करतो, म्हणजे क्रम राखून एकत्र गुंफतो. त्याच ओळी पिसून द्या, फरक लगेच कळेल.

*

मला वेगाइतकीच स्थिरता महत्त्वाची. निकाल आधी नावाने, मग गुणांनी लावला तर समान गुणांची मुलं नावाच्या क्रमातच राहायला हवीत. जुन्या क्रोममध्ये दहा ओळींपर्यंत ती राहायची, अकरावी आली की क्रम बिघडू शकायचा. दहापर्यंत इन्सर्शन (एकेक घटक योग्य जागी सरकवणारा), पुढे समान घटकांचा क्रम न राखणारा क्विकसॉर्ट, असा मामला होता. २०१८ मध्ये क्रोम ७० ला टिमसॉर्ट आला आणि जीव भांड्यात पडला.

*

मी शिक्षिका, प्रोग्रामिंगमधलं कळत नाही. पण उत्तरपत्रिका हजेरी क्रमांकाने लावताना आम्ही आधी १ ते १०, ११ ते २० असे गठ्ठे पाडतो, मग एकेक गठ्ठा हातात घेऊन पेपर जागच्या जागी सरकवतो. सगळा ढीग एकदम लावायला घेतला तर दुपार जाते.

*

मॅडम, हा अस्सल बकेट सॉर्ट, आत इन्सर्शन! दोन-दोन घटकांची तुलना करत जाणाऱ्या सॉर्टला सर्वसाधारण डेटावर एन लॉग एनच्या खाली उतरता येत नाही. तुम्ही क्रमांक बघून थेट गठ्ठ्यात टाकता, तुलनेची भानगडच नाही. लहान गठ्ठ्याला इन्सर्शन हेही अचूक : जीसीसी या कंपायलरच्या सी प्लस प्लस सॉर्टमध्ये १६ पर्यंतचे तुकडे त्याच्याकडेच सोपवतात.

*

हीपसॉर्टची बाजू कोणी घेतली नाही म्हणून लिहितो. मोठ्या ॲरेत (मेमरीतल्या सलग यादीत) तो मेमरीत उड्या मारत फिरतो, कॅशेचा (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीचा) फायदा मिळत नाही, म्हणून लॅपटॉपवर क्विकच्या मागे पडतो. मान्य. पण माझं काम मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे मोजक्या मेमरीच्या छोट्या चिपवर. तिथे मर्जला लागणारी जादा जागा नाही, आणि क्विकसारखा एखाद्या वाईट डेटावर अडकून चालत नाही. लिनक्सच्या कर्नलमधला (गाभ्यातला) ॲरेचा सॉर्टही हीपसॉर्टच आहे.