मधुमेह असलेल्या व्यक्तीला कलिंगड द्यावे का?

उन्हाळपाखरू:
माझ्या सासऱ्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह असून गोळ्यांवर साखर आटोक्यात आहे. उन्हाळा लागला की घरात कलिंगड येते आणि त्याबरोबर वादही येतो. कलिंगडाचा ग्लायसेमिक इंडेक्स (एखादे अन्न रक्तातली साखर किती झपाट्याने वाढवते याचा आकडा) ७२ आहे, असे कुठेतरी वाचल्यापासून नणंदबाई त्यांना एक फोडही देत नाहीत. सासूबाईंच्या मते मात्र ते निव्वळ पाणी आहे. यात खरे काय, आणि द्यायचेच झाल्यास किती व केव्हा द्यावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

चौरस_आहार:
दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. १०० ग्रॅम गरात सुमारे ९१ ग्रॅम पाणी, ६ ग्रॅम साखर आणि जेमतेम ३० कॅलरी असतात. ग्लायसेमिक इंडेक्स काढताना सहसा ५० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील इतके अन्न खायला देतात, आणि तेवढी कर्बोदके मिळवायची तर कलिंगडाचा साडेसहाशे ते सातशे ग्रॅम गर संपवावा लागेल. वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅम गरातून मिळतात ती ११ ग्रॅमच्या आसपास, एका पोळीपेक्षाही कमी. म्हणून साखर आटोक्यात असल्यास वाटीभर फोडी द्यायला हरकत नसावी; मात्र त्या भरपेट जेवणावर न देता मधल्या वेळी, सोबत चार-पाच बदाम किंवा थोडे शेंगदाणे घालून द्याव्यात, कारण कलिंगडात तंतू जवळजवळ नसतातच. रस नको. ग्लासभर रसात किती फोडी गेल्या याचा पत्ताच लागत नाही, वर कोणीतरी हमखास साखर घालते. पहिल्या वेळी दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासली की घरातला वाद आपोआप मिटेल.

पोषणाच्या दृष्टीने यातला खरा ऐवज म्हणजे लाल रंग देणारे लायकोपीन, जे वजनास वजन घेतल्यास कच्च्या टोमॅटोपेक्षाही जास्त असते. शिवाय सिट्रुलिन हे अमिनो आम्ल आहे, जे १९१४ मध्ये जपानी संशोधकांनी कलिंगडाच्याच रसातून वेगळे केले होते. शरीर त्यापासून आर्जिनिन व पुढे नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. अर्थात, एवढ्यावरून रक्तदाबाची गोळी बंद करण्याचा उत्साह कोणी दाखवू नये.

निमशहरी:
वरील उत्तरात एक भर घालतो. जुन्या मधुमेहात मूत्रपिंडावर परिणाम झालेला असू शकतो, त्यामुळे रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारा घटक) वाढलेले असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, कारण अशा मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकणे जड जाते. १०० ग्रॅममधले ११२ मिलिग्रॅम पोटॅशियम केळ्याच्या मानाने फारच कमी असले, तरी कलिंगड १०० ग्रॅमवर थांबणारे फळ नाही. अर्धा किलो सहज खाल्ले जाते आणि मग पोटॅशियमचा हिशोब साडेपाचशे मिलिग्रॅमच्या पुढे जातो.

परसदार:
गाडीवरच्या चिरून ठेवलेल्या फोडी टाळाव्यात. गरात आंबटपणा फारसा नसल्यामुळे उन्हात जंतू झपाट्याने वाढतात. घरीही चिरण्यापूर्वी साल धुऊन घ्यावी, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते, आणि उरलेला भाग झाकून फ्रिजमध्ये ठेवावा.

सासऱ्यांसाठी गराखालचा पांढरा भागही वापरून पाहावा. त्यात साखर कमी आणि सिट्रुलिन चांगले असते. हिरवी साल तासून तो किसावा, हाताने पिळावा आणि ज्वारीच्या पिठात मिरची-कोथिंबीर घालून त्याचे थालीपीठ लावावे. पिळून निघालेले पाणी पीठ भिजवायला पुरते.