अनुभव धागा: कुत्रा जाड होतोय (किंवा वाळतोय), तुम्ही खायला किती आणि कसं घालता?

धागा काढायचं कारण आमचा बंड्या. लॅब्रॅडॉर, वय ५. रोज डोळ्यासमोर असतो त्यामुळं फुगलाय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. उचलून घेऊन घरच्या काट्यावर उभं राहणं काय जमेना, शेवटी अशोक चौकाकडं मित्राच्या कारखान्यात सुताची पोती तोलायच्या काट्यावर चढवला, मागांच्या खडखडाटाला घाबरून गप मुटकुळं करून बसला म्हणून आकडा तरी नीट आला, ४१ किलो!! डॉक्टर म्हणाले ३२ वर आणा. आता आम्ही दिवसाला दोनच वाट्या घालतो हो, मग हे येतंय कुठून? ज्यांनी खरंच कमी केलंय त्यांनी लिहा, पुस्तकी नको.

जुळे_सोलापूरकर
दोनच वाट्या असं आमच्याकडंपण सगळे छातीठोक सांगायचे. मी फ्रिजवर कागद लावला, ज्यानं जे घातलं ते लिहायचं. चार दिवसांनी वाचलं तर सासऱ्यांची सकाळी चहाबरोबर खारी, पोराच्या डब्यातली उरलेली पोळी, कामाच्या मावशींची बिस्किटं, आणि खोटं कशाला बोलू, माझी रात्रीची अर्धी भाकरी. ज्वारीची मध्यम भाकरी म्हणजे दोनेकशे कॅलरी, कुत्रं दहा किलोचं! त्याच्या दिवसाच्या खाण्याचा तिसरा हिस्सा एका भाकरीत गेला. आणि वाटीचं म्हणाल तर आमच्या सासूबाईंची वाटी शीग लावून असते. आता सकाळीच काट्यावर मोजून डब्यात काढून ठेवते, ज्याला लाड करायचेत त्यानं त्या डब्यातलंच द्यायचं.

कॅल्क्युलेटर_काका
हिशोब सोपाय, मोबाईलवरच होतो. जे वजन पाहिजे ते तीनदा गुणायचं, ३२ × ३२ × ३२, मग दोनदा वर्गमूळ काढायचं, साधारण १३.४५ येतं, गुणिले ७० म्हणजे ९४० च्या आसपास कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर साधारण एवढ्यावर सुरुवात. नसबंदी झालेल्या, वजन बरोबर असलेल्या कुत्र्याला याच्या १.६ पट, तेपण अंदाजच, प्रत्येकाचं अंग वेगळं. आम्ही सुरुवातीला येडेपणा केला, आहे त्या वजनावर पिशवीवरचा तक्ता बघून घातलं, म्हणजे जाड कुत्र्याला जाड ठेवायचाच डोस. वरचं चघळायचं १० टक्क्यांच्या आत. आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरलं तर बास, उपाशी ठेवू नका.

पार्क_चौक
लॅबवाल्यांनी स्वतःला फार दोष देऊ नका. २०१६ साली केंब्रिजच्या लोकांनी शोधून काढलं की चारातल्या साधारण एका लॅबमध्ये एक जीनच बिघडलेला असतो, त्यांना भूक जास्त लागते. तो ताटाकडं बघतोय ते नाटक नसतंय बे. पण म्हणून घालत बसायचं असंपण नाही.

शेंगाचटणी
थोडं विषयांतर. भाकरीला चटणी लावून द्यायची सवय असेल तर आजच बंद करा. आपल्या शेंगाचटणीत लसूण असतो, आणि लसूण कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आम्ही वर्षभर देत होतो, काही झालं नाही हे नशीब. बेदाणे, द्राक्षंपण नको.

विजापूर_रोड
आमचं उलटं. गावठी आहे, उन्हाळ्यात खातच नाही. मे महिन्यात दुपारी भांडं ठेवलं की वास घेऊन फरशीवर आडवा, आणि आम्ही काळजीनं अजून काहीतरी चमचमीत करून पुढं ठेवणार. आता पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर, मधे फक्त पाणी. वीस मिनिटात खाल्लं नाही तर भांडं उचलायचं. तरी वाळत चालला म्हणून दाखवला तर पोटात जंत निघाले! त्यामुळं बारीक होतोय म्हणून नुसतं खाणं वाढवू नका, आधी दाखवा. मला एकांनी खूण शिकवली, हाताची मूठ वळून बोटांच्या गाठींवरून बोट फिरवा, बरगड्या तशा टोचल्या तर कुत्रं वाळलंय, हात सरळ करून पालथ्या बाजूला लागतात तशा लागल्या तर बरोबर, तळहातासारखं मऊ लागलं तर जाड.

होटगी_रोड_ताई
नसबंदीनंतर आमची चिंगी सहा महिन्यात गोल. आधीचंच माप चालू ठेवलेलं. भूक तशीच राहते, किंबहुना वाढते, पण अंगाचा कॅलरींचा खर्च कमी होतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता माप कमी केलंय आणि भर म्हणून बिनमिठाचा उकडलेला दुधी.

धागाकर्ता
तीन महिन्यांनी येतोय, सॉरी. बंड्या ३६.५ वर आहे. फ्रिजवरच्या कागदात आमचे आप्पा सापडले, फिरायला म्हणून कंबर तलावाकडं न्यायचे आणि वाटेत पार्लेचा अख्खा पुडा. बोललो तर दोन दिवस जेवले नाहीत माझ्याबरोबर. आता काकडीचे तुकडे घेऊन जातात. मधे गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) पाहुणे आले होते, त्या आठवड्यात ८०० ग्रॅम परत चढला. पाहुण्यांना कसं सांगता तुम्ही लोक?