सुट्या भागांच्या टीव्ही युनिटला आतून लाईट: १२ की २४ व्होल्ट, आणि वायर कुठून न्यायची?

गावभागकर
नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात तळमजल्यावरच्या हॉलमध्ये १० फुटी भिंतीला मॉड्युलर युनिट करून घेतोय. १८ मिमी प्लाय, चार सुटे भाग. दोन्ही टोकांना काचेच्या दाराची ७ फूट उंच, दीड फूट रुंद, ४०० मिमी खोल कपाटं. मधे खाली ६ फुटी ड्रॉवरचं युनिट आणि त्याच्या वर भिंतीला टांगलेला ६ फुटी उघडा कप्पा. पूर आला की सगळं सोडवून माडीवर न्यायचं असतं, म्हणून भाग आपापसांत बोल्टनं जोडलेत, कायमचं काहीच नाही.

कपाटांत आतून, टांगलेल्या कप्प्याखाली आणि ड्रॉवर युनिटच्या मागून भिंतीवर असा प्रकाश हवा. कपाटात काचेच्याच फळ्या आहेत. सुतार म्हणतो पट्टीसाठीची खाच सनमायका लावायच्या आधी मारू, वायरमन म्हणतो १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणतो आणि सगळं एकाच एसएमपीएसवर (घरातल्या २३० व्होल्टचे १२ किंवा २४ व्होल्ट डीसी करणारा पॉवर सप्लाय) घेतो. दार उघडलं की लाईट लागावा हेही जमेल का? सनमायका अजून लागलेला नाही, त्यामुळे बदल करायला वाव आहे.

चोवीस_व्होल्ट
आधी मीटर मोजून घ्या. कपाटात वरून एकच आडवी पट्टी लावली तर काच असूनही खालच्या दोन फळ्या अंधारात राहतात, कारण वरच्या फळीवरचं सामानच प्रकाश अडवतं. म्हणून दोन्ही बाजूंना उभी पट्टी घ्या. उपयोगाची उंची २ मीटर धरली तर दोन कपाटांत मिळून ८ मीटर. टांगलेल्या कप्प्याखाली १.८, ड्रॉवर युनिटमागे १.८. एकूण ११.६ मीटर.

पट्टी सीओबी (एलईडी दाटीनं बसवलेली, सलग रेघेसारखी उजळणारी) घ्या, मीटरला १० वॅटच्या आसपासची. सुट्या एलईडीची पट्टी काचेत आणि चकचकीत सनमायकात ठिपक्याठिपक्यांनी दिसते. रंग ३००० किंवा ४००० केल्विन, पण सगळीकडे एकच, आणि सगळे रोल एकाच वेळी एकाच लॉटचे घ्या. नंतर आणलेल्या रोलची छटा किंचित वेगळी निघाली तर शेजारशेजारच्या कपाटांत ती लगेच डोळ्यांत भरते. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा असला तर पितळेची आणि लाकडाची वस्तू तिच्या खऱ्या रंगात दिसते.

आता १२ की २४. एका कपाटाची पट्टी ४० वॅट. १२ व्होल्टवर ३.३ अँपिअर, २४ वर १.७. ०.७५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०२५ ओहम. एसएमपीएसपासून कपाट ४ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर, म्हणजे ०.२ ओहम. १२ व्होल्टवर वायरीतच ०.६७ व्होल्ट जातो, साडेपाच टक्के. २४ वर ०.३३ व्होल्ट, दीड टक्क्याच्याही आत. शिवाय पट्टीच्या आतल्या तांब्याची घट वेगळीच, त्यामुळे १२ व्होल्टच्या लांब पट्टीचं शेवटचं टोक मंद दिसतं. तुमच्या मापाला २४ च घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा: १२ ची पट्टी बहुधा बारीक तुकड्यांत कापता येते, २४ ची कापायची खूण लांब अंतरावर असते. ॲल्युमिनियम प्रोफाइल (पट्टी बसवायची पन्हळ) कापण्याआधी पट्टी शेजारी धरून खुणेशी माप जुळवा, नाहीतर टोकाला दोन-तीन सेंटीमीटर काळं राहतं.

सगळं एका एसएमपीएसवर घेऊ नका. कपाटांचे ८० वॅट, त्यांना १०० वॅटचा. आडव्या दोन पट्ट्यांचे ३६ वॅट, त्यांना ६० चा. एसएमपीएस ८० टक्क्यांच्या वर लोड करायचा नाही, बंद जागेत तर नाहीच. दोन ठेवल्याचा फायदा असा की मागचा प्रकाश रोज लागतो आणि कपाटांचा पाहुणे आले की, दोन्हींचं बटण वेगळं राहतं. घेताना बॉडीवर बीआयएसचा आर नंबर (नोंदणी क्रमांक) आणि आयएस १५८८५ (त्याच्या सुरक्षेचं मानक) छापलंय का ते बघा. जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस असेल तर अर्थिंग जोडलीच पाहिजे. त्याचे स्क्रू टर्मिनल उघडे असतात, तो ड्रॉवरच्या मागे हात पोचेल असा ठेवायचा नाही. हवा जाईल अशा पेटीत घाला.

फळी_आणि_खाच
सुताराला सांगा, खाच सनमायका लावून झाल्यावर मारायची. आधी मारली तर त्यावरून सनमायका चिकटवून पुन्हा कापावा लागतो आणि कडा तुटते. नंतर मारली की प्रोफाइलला जे दोन बारीक पंख असतात ते राऊटरनं उडालेली कड झाकतात. प्रोफाइल आधी आणून कॅलिपरनं मोजा आणि मग राऊटरचा बिट ठरवा, दुकानागणिक रुंदी मिलिमीटर-दोन मिलिमीटर बदलते. खोली ८ मिमीच्या आत ठेवा, म्हणजे १८ च्या प्लायमध्ये १० मिमी तरी शाबूत राहतो.

खरी अडचण बिजागरीची आहे आणि बहुतेक जण तिथेच फसतात. हायड्रॉलिक बिजागरीची प्लेट पुढच्या कडेपासून ३७ मिमीच्या रेषेवर बसते, आणि बिजागरीचा दांडा धरून ती साधारण ६५ ते ७० मिमी जागा खाते. उभी खाच नेहमीसारखी पुढच्या कडेलगत मारली तर ती नेमकी बिजागरीच्या खाली येते, प्लेटचे स्क्रू प्रोफाइलमध्ये घुसतात. म्हणून खाच ७५ मिमीच्या मागे सुरू करा. बिजागरी नसलेल्या बाजूलाही तेवढंच अंतर ठेवा, नाहीतर दोन बाजूंच्या सावल्या वेगवेगळ्या पडतात. काचेची फळी प्रोफाइलच्या मागे संपवा. तुमच्या ४०० मिमी खोलीत २८०-२९० मिमीची फळी छान बसते आणि तिच्यापुढून प्रकाशाला खालपर्यंत मोकळी वाट राहते. सपाट प्रोफाइल न घेता ४५ अंशाचं, मागच्या पाठीकडे तोंड असलेलं घ्या. सोफ्यावर बसलेल्या माणसाला पट्टी दिसता कामा नये, फक्त उजेड दिसावा.

मिनीफिक्सचं (फळ्या आवळून जोडायच्या फिरत्या खटक्याचं) भोक १५ मिमी व्यासाचं असतं, खाच त्यातून गेली तर जोडच ढिला होतो. सुताराकडून कटिंगच्या कागदावर आधी दोन्ही आखून घ्या.

पट्टी थेट प्लायवर कधीच चिकटवू नका. १० वॅटची उष्णता लाकूड ओढून घेत नाही, गोंद सुटतो आणि सहा-आठ महिन्यांत पट्टी लोंबते. प्रोफाइलच्या आतून स्पिरिटनं पुसा, भुसा आणि राऊटरची धूळ राहिली तर टेप धरत नाही. बोटानं पूर्ण लांबीवर दाबत जा.

ड्रॉवर युनिटमागचा प्रकाश भिंतीला अगदी लागून सोडू नका. पुट्टीचा प्रत्येक फटकारा आणि खडबड सावलीसकट उठून दिसते. पट्टी भिंतीपासून ५०-७५ मिमी पुढे ठेवा.

गावभागकर
बिजागरीचं आमच्या सुताराच्या लक्षातच आलं नसतं. आज त्याला कागद दाखवतो. दोन शंका राहिल्या. वायरमन म्हणतो मंद करायला पंख्याचा रेग्युलेटर लावू. आणि बटण बंद केल्यावरही पट्टी अंधूक जळत राहते असं ऐकलंय, ते कशामुळे?

चोवीस_व्होल्ट
पंख्याचा रेग्युलेटर साध्या एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या बाजूला लावायचा नाही. पट्ट्या फडफडतात, एसएमपीएस गुणगुणतो आणि जळतो. डिमर डीसी बाजूला, एसएमपीएस आणि पट्टी यांच्यामधे. पीडब्ल्यूएम प्रकारचा (वीज झपाट्यानं चालू-बंद करून उजेड कमी करणारा), कपाटांसाठी ५ अँपिअरचा पुरे.

अंधूक जळण्याची मुख्य कारणं दोन. बटणात निऑनचा इंडिकेटर असतो, त्यातून बारीक करंट एसएमपीएसला मिळत राहतो. किंवा बटणावर फेजऐवजी न्यूट्रल तोडलाय. टेस्टरनं आधी दुसरं तपासा, ते धोक्याचं आहे. बटण बंद केल्यावर सेकंद-दोन सेकंद उजेड रेंगाळला तर तो कपॅसिटरमधला, ती बिघाडाची खूण नाही.

दार उघडल्यावर लागणाऱ्या सेन्सरबद्दल: इन्फ्रारेड सेन्सर दारावरून परतलेले किरण बघतो. साध्या पारदर्शक काचेतून ते आरपार जातात, दार बंद असूनही त्याला उघडंच वाटतं आणि लाईट चालूच राहतो. सेन्सर दाराच्या लाकडी किंवा ॲल्युमिनियम चौकटीसमोर येईल असा बसवा. दोन्ही कपाटांना वेगळा सेन्सर द्या.

कृष्णाकाठ
पुराचं कुणीच बोललं नाही, आणि तुमच्यासाठी तेच पहिलं. २००५, २०१९ आणि २०२१ साली गावभागानं पाणी बघितलंय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फुटांना आणि धोक्याची ४५ फुटांना. तिथे पोचेपर्यंत तुमचे चारही भाग वर गेलेले हवेत. वायरिंग त्या घाईतही सुटलं पाहिजे, पक्कड न लागता.

म्हणून प्रत्येक भागाची वायर त्याच भागात संपवा. भागातून बाहेर येणारी फक्त एक हातभर शेपटी, तिच्या टोकाला ५.५ बाय २.१ मिमीचा डीसी जॅक. १.७ अँपिअरला तो व्यवस्थित पुरतो. भाग ओढताना जॅक सुटावा, सोल्डर तुटू नये, म्हणून आतल्या बाजूला वायरीला पट्टा मारून ती फळीला घट्ट करा. प्रत्येक जॅकवर रंगीत टेप लावा: डावं कपाट लाल, उजवं निळं. माडीवर अंधारात पुन्हा जोडताना कुठली वायर कुठे हे शोधावं लागत नाही. पट्टीच्या टोकाला क्लिपचे जोड वापरू नका, चारदा उचलल्यावर ते ढिले पडून पट्टी लुकलुकते. सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

दोन्ही एसएमपीएस ड्रॉवर युनिटमध्ये ठेवू नका. टांगलेल्या कप्प्याच्या वरच्या बाजूला ठेवा आणि त्यांचं सॉकेटही तिथेच, वरच्या उंचीला घ्या, पाठीच्या फळीमागे बंद नको. सॉकेटच्या सर्किटला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) असू द्या. सिलिकॉनच्या आवरणाची आयपी६५ (पाण्याचा फवारा सोसणारी) पट्टी घेतली की पुराची काळजी मिटली असं समजू नका. ती जिथे कापली तिथून पाणी आत जातं, आणि कृष्णेचा गाळ एकदा आत शिरला की तांबं हिरवं पडतं. चुकून एसएमपीएस भिजलाच तर वाळवून परत लावायचा नाही, तो टाकूनच द्यायचा.

ड्रॉवर युनिटच्या मागची १.८ मीटर पट्टी मात्र युनिटला न चिकटवता तिच्या प्रोफाइलसकट दोन स्प्रिंग क्लिपांवर बसवा. युनिट उचलायच्या आधी ती काढून बाजूला ठेवता येते, नाहीतर जिन्याच्या वळणावर पहिली तीच भिंतीला घासते.