पावसाच्या मॉडेलला ९४ टक्के ॲक्युरसी येतेय, हे खरं असू शकतं का?

लातूरचा_बंड्या
नमस्कार मंडळी. फायनल इयरचा प्रोजेक्ट चालूये, लातूर जिल्ह्यात उद्या पाऊस पडेल की नाही एवढंच सांगायचंय. हवामान खात्याचा १९०१ पासूनचा ग्रिडेड डेटा घेतलाय (म्हणजे नकाशाचे ०.२५ अंशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा रोजचा पाऊस), जून ते सप्टेंबरचे दिवस, २.५ मिमी किंवा जास्त म्हणजे पावसाचा दिवस, सोबत निनो ३.४ चा इंडेक्स (प्रशांत महासागराच्या मधल्या पट्ट्याचं पाणी किती तापलंय त्याचा आकडा, एल निनो यावरून कळतो), तापमान आणि सात दिवसांची पावसाची सरासरी. रँडम फॉरेस्ट (खूप निर्णय-झाडांचं मत घेणारं मॉडेल) लावला, ८०-२० स्प्लिट, म्हणजे ८० टक्के दिवसांवर शिकवलं, २० टक्क्यांवर तपासलं, ९४ टक्के अंदाज बरोबर आले. गाइड खूश आहेत, पण मलाच पटत नाहीये, कारण घरी बाबांना दरवर्षी पेरणीच्या वेळी कुणीच धड सांगू शकत नाही आणि मी लॅपटॉपवर दोन तासांत सांगतोय?? कुठं गंडलंय?

पाषाणची_पायवाट
शंका आली हेच बरंय, बहुतेकांना ती व्हायवाच्या दिवशी येते. आधी सांग, ती सात दिवसांची सरासरी कशी काढलीस? मागचे सात दिवस, की आधीचे तीन, तो दिवस आणि नंतरचे तीन? दुसरं असेल तर उत्तर तू स्वतःच मॉडेलच्या हातात ठेवलंयस. आणि स्प्लिट रँडम केलास म्हणजे १२ जुलै ट्रेनिंगला, १३ टेस्टला, १४ परत ट्रेनिंगला, आता पावसाची झड तीन-चार दिवस चालते, मग शेजारचे दोन दिवस बघून मधला कुणीपण सांगेल. अख्खी वर्षं बाजूला काढ. २०१० पर्यंत शिकव, पुढच्या वर्षांवर तपास. आणि आकडा कुणाला दाखवायच्या आधी 'रोज कोरडंच' असं सांगणारं बिनडोक मॉडेल किती मिळवतं ते बघ.

लातूरचा_बंड्या
ओह शिट. सेंटर=ट्रू होतं, म्हणजे नंतरचे तीन दिवसपण सरासरीत 🤦 काढलं, वर्षांप्रमाणे स्प्लिट केला, ७३ वर आलो. आणि 'रोज कोरडं'वाल्याला ६७. म्हणजे सहा महिन्यांची मेहनत सहा टक्क्यांची.

जुना_खोडरबर
सहा टक्के खरे असतील तर वाईट नाहीत रे. पण निनोवर फार भिस्त ठेवू नकोस. लोकांना वाटतं सव्वाशे वर्षांचा डेटा म्हणजे लाखो ओळी, पण मोसमी पावसाच्या प्रश्नाला ओळी मोजायच्या नसतात, पावसाळे मोजायचे असतात, आणि ते सव्वाशेच आहेत. १९९७ ला एल निनो एवढा तगडा की सगळे दुष्काळाची वाट बघत बसले, देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. २००२ ला त्यापेक्षा कितीतरी मवाळ एल निनो आणि पाऊस ८१ टक्के, जुलै जवळजवळ निम्माच पडला. तेव्हा खात्याकडे शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या काळातलं १६ घटकांचं मॉडेल होतं, १९८८ पासून चालत आलेलं, ते त्या वर्षी तोंडावर पडलं आणि पुढच्याच वर्षी बदलावं लागलं. खूप घटक चाळून सगळ्यात भारी कोरिलेशनवाला (पावसाशी सर्वात जास्त मेळ दाखवणारा) उचलला तर तो योगायोगानंही भारी दिसतो, ही गोष्ट गिल्बर्ट वॉकरनं १९१४ मध्येच मांडली होती, तेही इथं भारतात हवामान खात्याचा प्रमुख असताना. आपण आता तेच जीपीयूवर, म्हणजे वेगवान कॉम्प्युटर चिपवर करतो.

पाषाणची_पायवाट
+१. अजून एक, ग्रिडच्या चौकटीचा आकडा म्हणजे तुझ्या शिवारातला पाऊस नव्हे. चौकट साधारण २७ किमीची. वाई ते महाबळेश्वर हवाई अंतर त्याहून कमी आणि पावसात जमीन-अस्मानाचा फरक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३, एकाच शहरात! याची सरासरी काढून मॉडेलला शिकवलं तर ते ९४४ कधी म्हणणारच नाही.

सोयाबीनवाला
मी शेतकरी, कोडिंग येत नाही, पण एक सांगू का भाऊ. उद्या पाऊस येणार का हे मला मोबाइलवर दिसतं, चुकलं तरी फार बिघडत नाही. बिघडतं ते पेरल्यावर. ७५-१०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका म्हणतात, ठीक, पण झाला आणि मग बारा दिवस उघडीप पडली की बियाणं गेलं, दुबार पेरणी, पुन्हा बॅगा आणा, पुन्हा उधारी. २०२५ ला मे संपायच्या आत मान्सून मुंबईत, आमच्याकडं लोक उड्या मारायला लागले, नंतर पुढं सरकायचं नावच घेईना. त्या वर्षी केंद्राच्या कृषी खात्यानं एआयवरचे अंदाज ३.८ कोटी शेतकऱ्यांना एसेमेसनं पाठवले म्हणतात, त्यात ही मधली उघडीप आधी सांगितली होती. तसलं काय जमतंय का बघ.

लातूरचा_बंड्या
काका, हे भारी आहे. म्हणजे टार्गेटच बदलतो, पहिले ७५ मिमी झाल्यावर पुढच्या १५ दिवसांत सलग १० कोरडे दिवस येतात का, हो किंवा नाही. पण मग दर पावसाळ्याला एकच ओळ उरते, सव्वाशे ओळींवर रँडम फॉरेस्ट 😅

जुना_खोडरबर
मग लॉजिस्टिक रिग्रेशन (थोड्या ओळींवरही चालणारं, शक्यता देणारं साधं मॉडेल) लाव, तीनच घटक घे, आणि हो-नाही ऐवजी शक्यता सांग. आणि शेजारचे जिल्हे घालून ओळी वाढवल्यास तर एका वर्षाचे सगळे जिल्हे एकाच बाजूला ठेव, नाहीतर परत ९४ येतील.