घरच्या बॅटरीतली वीज ग्रीडला द्यायची की घरातच ठेवायची?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

आमचं ऐरोलीत रो-हाउस. गच्चीवर पाच किलोवॉटचं सोलर, नेट मीटर (ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारं) आणि यंदा बसवलेली दहा युनिटची लिथियम फॉस्फेट बॅटरी. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये ठरावीक वेळी बॅटरी ग्रीडकडे रिकामी करायची सोय दिसते. इंग्लंडात लेस्टरला असलेला भाचा तिकडे हेच करतो. त्याच्या योजनेत दुपारी ४ ते ७ वीज विकायला सगळ्यात चढा दर मिळतो, आणि पहाटे स्वस्तात बॅटरी भरून घेता येते. "मामा, तू नुसती सांभाळून काय ठेवतोस?" म्हणतो.

माझं मत: इथे हे करू नये. आपल्याकडे दुपारी ग्रीडला दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट बिलात सरळ वजा होतं. म्हणजे साठवणीचं काम महावितरण आपल्यासाठी फुकटात करतंय. तेच युनिट आधी बॅटरीत भरून संध्याकाळी बाहेर काढलं, तर येता-जाता दहा-पंधरा टक्के गळणार आणि बॅटरी झिजणार ती वेगळीच. समजा बॅटरी दोन लाखांची आणि आयुष्यभरात पन्नास हजार युनिट देणारी. नुसती झीज युनिटमागे चार रुपये. मिळकत शून्य. वेगळं मत असेल त्यांनी जरूर मांडा, पण आकड्यांनिशी.

वागळे_इस्टेट

हिशेब बरोबर आहे, पण फक्त तुमच्या मीटरपुरता. दुपारी सगळ्यांच्याच गच्च्या वीज ओततात, आणि दिवेलागणीला सोलर शून्यावर येतं तेव्हाच घरोघरी एसी सुरू होतात. तेव्हा कोयना सोडायची, कोळशाचे संच वर चढवायचे. त्या वेळचं युनिट दुपारच्या युनिटाच्या तोडीचं कसं? आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीवर घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प नेमकं हेच करतो: वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं, टंचाईत खाली सोडायचं. त्यातही पाचवा हिस्सा तरी वाया जातोच. तरी तो सरकारने बांधला ना?

दुसरं, १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत मिळते. वारं कुठे वाहतंय ते दिसतंय. उद्या संध्याकाळच्या युनिटाला वेगळा भाव आला तर तुमची बॅटरी तयार हवी.

ऐरोलीकर

आला की देऊ! ती सवलत युनिटमागे रुपयाच्या आतबाहेर आहे, झीज चार रुपयांची. घाटघरचा खर्च सगळ्या ग्राहकांच्या बिलात वाटला जातो. माझ्या बॅटरीचा कोण वाटून घेणार? समाजकार्य करायला ना नाही, पण पावती तरी फाडा.

कोपरखैरणे_सेक्टर

+१. पावतीचं पटलं.

तारतंत्री

हे काम रोज करतो म्हणून लिहितो. दोघंही झीज म्हणजे फक्त फेऱ्या (भरणं-रिकामी होणं) असं धरून चाललात. लिथियम फॉस्फेट काही हजार फेऱ्या सहज काढते. आपल्याकडे तिला मारते ती उष्णता, आणि त्या उष्णतेत पूर्ण भरून पडून राहणं. नुसती ठेवलेली बॅटरीही म्हातारी होते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते.

मागच्या मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या एका बंगल्यात गेलो होतो. बॅटरी गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेली. जेमतेम साडेबाराला शंभर टक्के झाली, आणि संध्याकाळपर्यंत तशीच तापत बसली. अ‍ॅपमध्ये सेलचं तापमान त्रेचाळीस. मालक खूश, "आम्ही ग्रीडला काही देत नाही, बॅटरी जपतो." अहो, याला जपणं म्हणतात?

तेव्हा ग्रीडला दिल्याने बॅटरी खराब होते हे सरसकट म्हणू नका. दोन किलोवॉटने हळूहळू दिली तर तिला कळतही नाही. पाच किलोवॉटने दोन तासांत ओरबाडलीत तर तापेल. आणि वॉरंटीचा कागद वाचा. टेस्लाच्या पॉवरवॉल २ या घरगुती बॅटरीला दहा वर्षांनी ७० टक्के क्षमतेची हमी होती, पण घरची सोलर साठवणं आणि बॅकअप सोडून इतर वापर केला तर एकूण युनिटची मर्यादा लागू. इथल्या कंपन्यांच्या कागदातही अशी कलमं शोधा.

वागळे_इस्टेट

तारतंत्री, हेच तर म्हणतोय! भरून ठेवण्यापेक्षा संध्याकाळी काढलेली बरी.

तारतंत्री

काढा ना, पण स्वतःच्या घरात काढा. रात्रीचा एसी आणि पंखे त्यावर चालवा, रिकामी होते आपोआप. ग्रीडला द्यायचं कारण यातून निघत नाही.

बेलापूरची_मावशी

मला बिलापेक्षा अंधाराची काळजी. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा लाइनच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं बंद पडलं, आठवतंय? शेजाऱ्यांचं सोलर गच्चीवर लख्ख उन्हात, आणि घरात पंखा नाही. ग्रीड गेलं की बिनबॅटरीचा इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो, लाइनमनच्या जिवासाठी ते बरोबरच आहे. पण संध्याकाळी ग्रीडला देऊन बॅटरी रिकामी केलीत आणि रात्री पावसात वीज गेली, तर? आमच्याकडे सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन आहे. मी चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही.

वागळे_इस्टेट

मावशी, तुमच्या घरी ते योग्यच. राखीव टक्के ठरवून वरचं देता येतं, एवढंच सांगतो. आणि सगळे "भाव आला की देऊ" म्हणत बसलो तर भाव ठरवणाऱ्यांना दिसणार काय? वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत लोकांच्या हरकती-सूचना मागवतात, तिथे लिहा तरी.

ऐरोलीकर

हरकत नाही, लिहितो. तोवर निर्यात बंदच. तारतंत्री, आमची बॅटरी जिन्याखाली सावलीत आहे, पण दुपारी एकलाच शंभर होते. काय करू?

तारतंत्री

चार्जिंगचा वेग कमी करा, सकाळचं ऊन आधी नेट मीटरला जाऊ द्या. चारच्या सुमारास नव्वदवर पोचेल असं बसवा. अधूनमधून एकदा शंभर होऊ द्या, नाहीतर फॉस्फेटमध्ये टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो आणि अ‍ॅप तीस दाखवत असताना घर अंधारात जातं. जिन्याखाली हवा खेळते ना? चपलांचं कपाट समोर असेल तर आधी ते हलवा.